घोडकाठचे पशुपालन : ऱ्हास की व्यवस्था?

भोसरीहून पूर्वेस जावे तसतसा पाऊस उणावतो. त्या अवर्षणाच्या पट्ट्यात, शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८–१९८३) तेथे आद्य जोर्वे काळातील (इ. स. पू. १४००–१०००) ऐसपैस चौकोनी घरे मिळाली, उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. १०००–७००) मात्र बहुतांशी लहान गोल झोपड्या आढळतात. हवामान शुष्क झाल्याने लोक शेळ्यामेंढ्यांकडे वळले, असे डॉ. ढवळीकरांचे प्रतिपादन होते. या स्थित्यंतरास केवळ ऱ्हास म्हणणे आम्हांस पटत नाही. दख्खनच्या धनगरांची रीतच पाहावी. दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणात उतरतात. शेतांत मेंढ्या बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेतात. तिकडची पावसाळी ओल मेंढ्यांना मानवत नाही, म्हणून मृगापूर्वी कळप पुन्हा कोरड्या माळावर येतात.