टायमिंग बेल्ट बदलणे

टायमिंग बेल्ट हा मोटारीच्या अंतर्ज्वलन इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या फिरण्यात अचूक मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा होय. ठरावीक अंतर किंवा ठरावीक वर्षे पूर्ण झाल्यावर तो काढून नवा बसवणे हे मोटारीच्या नियतकालिक देखभालीतील महत्त्वाचे काम आहे. त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका, योग्य अवजारे आणि पुरेसा वेळ उपलब्ध असल्यास साध्या रचनेच्या अनेक इंजिनांवर हे काम घरीही करता येते. मात्र खुणा जुळवताना झालेली एका दाताची चूकही इंजिनाला हानिकारक ठरू शकते. म्हणून या कामात बळापेक्षा अचूकतेला आणि पडताळणीला अधिक महत्त्व आहे.

कार्य

फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक आवर्तन क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते आणि तेवढ्या काळात प्रत्येक झडप एकदाच उघडते. त्यामुळे झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणे आवश्यक असते. याच कारणाने कॅमशाफ्टच्या पुलीवर क्रँकशाफ्टच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट १,५०० फेरे घेतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

अनेक इंजिनांत हाच पट्टा वॉटर पंपही फिरवतो. काही डिझेल इंजिनांत इंधनपंपही त्याच्यावरच चालतो. अल्टरनेटर किंवा वातानुकूलन यंत्रणा फिरवणारा बाहेरचा पट्टा, ज्याला बोलीभाषेत 'फॅन बेल्ट' म्हटले जाते, तो वेगळा असतो. टायमिंग बेल्ट आवरणाखाली झाकलेला असल्याने सहसा दृष्टीस पडत नाही.

इतिहास

सिलिंडरच्या डोक्यावर कॅमशाफ्ट बसवण्याची रचना रूढ झाली, तेव्हा क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांतील अंतर वाढले. एवढ्या अंतरासाठी लांब साखळी किंवा दंतचक्रांची मालिका वापरणे खर्चिक व आवाज करणारे होते. शिवाय त्यांना सतत तेल लागत असे. दातेरी पट्टा हलका, शांत आणि वंगणाविना चालणारा होता. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारीत तो प्रथम जर्मनीतील ग्लास कंपनीच्या '१००४' या मॉडेलमध्ये १९६२ साली वापरला गेला. फियाट कंपनीचे अभियंते ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी १९६६ मध्ये दोन कॅमशाफ्टच्या इंजिनासाठी तो स्वीकारला. भारतात घराघरांत पोहोचलेल्या मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेच्या तीन सिलिंडरी इंजिनातही टायमिंग बेल्टच होता.

प्रारंभी हे पट्टे निओप्रीन रबराचे असत. पुढे उष्णता व तेल यांना अधिक दाद न देणारे हायड्रोजनीकृत नायट्राइल रबर प्रचारात आले. ताण सोसण्यासाठी पट्ट्यात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर असतो.

पट्टा तुटल्यास होणारे परिणाम

पट्टा तुटताच कॅमशाफ्ट थांबतो, परंतु क्रँकशाफ्ट गतीमुळे काही काळ फिरत राहतो. पुढील परिणाम इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असतात. काही इंजिनांत पूर्ण उघडलेली झडप आणि वर आलेला दट्ट्या (पिस्टन) यांच्यात मोकळी जागा राहते. तेथे गाडी केवळ बंद पडते. इतर इंजिनांत दट्ट्या व झडपा एकाच जागेत आळीपाळीने येतात. त्यांना इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. अशा इंजिनात दट्ट्या उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात, क्वचित दट्ट्यालाही छिद्र पडते. मग सिलिंडर हेड उतरवून दुरुस्ती करावी लागते आणि तिचा खर्च पट्टा बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो.

पट्टा पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. भेगा, झिजलेले दाते, सुटलेले धागे किंवा तेलाने भिजलेला पृष्ठभाग ही बिघाडाची लक्षणे होत. परंतु ती न दिसणे हा पट्टा सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे.

बदलण्याची मुदत

मुदत उत्पादकाने ठरवलेली असते. ती इंजिनागणिक बदलते, पण सामान्यतः ६०,००० ते १,६०,००० किलोमीटर या दरम्यान असते. रबर वयानेही कमकुवत होत असल्याने किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असते. दोहोंपैकी जी आधी पूर्ण होईल ती ग्राह्य धरतात. वापरलेली गाडी विकत घेताना पट्टा बदलल्याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच गृहीत धरणे सुरक्षित असते.

पूर्वतयारी

पट्ट्यासोबत टेन्शनर आणि आयडलर पुली बदलण्याची प्रथा आहे, कारण त्यांच्या बेअरिंगचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असल्यास तोही बदलतात. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टची ऑइल सीले गळत असल्यास याच वेळी बदलली जातात. सुटे भाग इंजिन क्रमांकानुसार घेतले जातात आणि नव्या पट्ट्याची रुंदी व दात जुन्याशी ताडून पाहिले जातात.

काम थंड इंजिनावर, सपाट व पक्क्या जमिनीवर केले जाते. बॅटरीची ऋण तार सोडवतात, मागील चाकांना अडण लावतात आणि गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवतात. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली जाणे जीवघेणे ठरू शकते.

कृती

१. बेल्टच्या बाजूचे पुढचे चाक, बाहेरचे पट्टे व वरचे आवरण काढले जाते. आडव्या बसवलेल्या अनेक इंजिनांत त्या बाजूचा इंजिन माउंट सोडवावा लागतो. त्यापूर्वी इंजिनाला खालून लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार दिला जातो.

२. क्रँकशाफ्टच्या पुलीचा बोल्ट सैल केला जातो. तो अतिशय घट्ट असतो. त्यासाठी पुली धरून ठेवणारे अवजार वापरतात. पाना अडकवून स्टार्टर फिरवण्याचा प्रकार धोकादायक आहे.

३. क्रँकशाफ्ट इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून पुलींवरील खुणा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी आणल्या जातात. बहुतेक इंजिनांत या वेळी पहिल्या सिलिंडरातील दट्ट्या सर्वांत वरच्या स्थितीत असतो. खुणांचे छायाचित्र काढून ठेवणे उपयुक्त ठरते.

४. क्रँकशाफ्टची पुली व खालचे आवरण उतरवून खुणा पुन्हा पाहिल्या जातात. नंतर टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढला जातो. पट्टा नसताना क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट स्वतंत्रपणे फिरवल्यास झडपा वाकू शकतात.

५. नवे सुटे भाग बसवून नवा पट्टा क्रँकशाफ्टपासून चढवला जातो. टेन्शनरच्या विरुद्ध बाजू ताणलेली ठेवतात, म्हणजे सर्व ढिलाई टेन्शनरच्या बाजूस येते. पट्टा दुमडणे, पिळणे किंवा पेचकसाने रेटून बसवणे टाळले जाते, कारण त्यामुळे आतील काचतंतू तुटतात.

६. टेन्शनर पुस्तिकेतील पद्धतीने लावला जातो. पट्टा ढिला राहिल्यास दात निसटतात. अतिताण दिल्यास बेअरिंग लवकर झिजतात. बोल्ट टॉर्क रेंचने नेमून दिलेल्या मापापर्यंत आवळले जातात आणि एकदाच वापरायचे बोल्ट नवे घेतले जातात.

पडताळणी

हा या कामाचा सर्वांत निर्णायक टप्पा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला जातो. तेवढ्यात कॅमशाफ्टचा एक फेरा होऊन सर्व खुणा पुन्हा मूळ जागी यायला हव्यात. स्पार्क प्लग काढलेले असल्यास इंजिन सहज फिरते आणि अडथळा लगेच हाताला जाणवतो. मध्येच कठीण अडथळा लागला, तर जोर न लावता थांबून खुणा पुन्हा तपासणे आवश्यक असते. तो दट्ट्या झडपेला टेकल्याचा संकेत असू शकतो.

कॅमशाफ्टच्या पुलीवर ४० दाते असल्यास एका दाताची चूक म्हणजे कॅमशाफ्टच्या ९ अंशांची, अर्थात क्रँकशाफ्टच्या १८ अंशांची चूक होय. एवढ्या फरकाने इंजिन कदाचित सुरू होते, पण शक्ती घटते व ते अडखळत चालते; काही इंजिनांत झडपांनाही धोका पोहोचतो.

पडताळणी झाल्यावर आवरणे, पुली, माउंट व चाक बसवले जाते आणि काढलेले कूलंट पुन्हा भरून यंत्रणेतील हवा काढली जाते. शेवटी तारीख आणि किलोमीटर यांची नोंद इंजिनाजवळील चिठ्ठीवर व गाडीच्या सेवा-पुस्तिकेत केली जाते.

मर्यादा

सर्वच इंजिने घरगुती कामास योग्य नसतात. अनेक डिझेल इंजिनांत कॅमशाफ्ट आणि इंधनपंप जागेवर अडकवणारी खास अवजारे लागतात. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांच्या मूळ रचनेत पट्टा तेलात बुडून चालतो. तो बदलण्यासाठी इंजिनाचा बराच भाग उघडावा लागतो. अनेक इंजिनांत पट्ट्याऐवजी टायमिंग साखळी असते आणि तिच्यासाठी अशी ठरावीक मुदत सहसा दिलेली नसते. त्यामुळे आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे पुस्तिकेत पाहणे ही या कामाची पहिली पायरी ठरते.