मुख्याध्यापक नेमणारे पालक

आपल्या मुलाच्या शाळेचा मुख्याध्यापक कोणी निवडायचा? हा प्रश्न आपल्याकडे पालकांच्या डोक्यात सहसा येतच नाही. संस्था ठरवते, नाहीतर सरकार ठरवतं. आपण पालकसभेला हजेरी लावायची आणि प्रगतीपुस्तकावर सही करून मोकळं व्हायचं. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मात्र १९८९ पासून बहुतेक सरकारी शाळांमध्ये हे काम पालकांकडे आलं. तेही नावापुरतं नाही, चक्क कायद्याने. हे कसं घडलं आणि पुढे त्याचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात होते एका संपापासून. सप्टेंबर १९८७ मध्ये शिकागोच्या शिक्षकांनी संप केला. १८ वर्षांतला हा नववा संप! शाळेचे १९ दिवस बुडाले, चार लाखांवर मुलं घरी बसली. एरवी संप म्हणजे बोर्ड आणि युनियनचं भांडण, पालकांनी फक्त बघत बसायचं. या वेळी पालक चिडले, आणि दोघांवरही चिडले. कुठे चर्चमध्ये मुलांचे वर्ग भरवले, कुठे निदर्शनं केली. मुख्य म्हणजे संप मिटल्यावरही ते गप्प बसले नाहीत. नोव्हेंबरात अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळा देशात सगळ्यात वाईट आहेत असं जाहीरपणे सांगून टाकलं. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी पालक, शिक्षक आणि उद्योगपती यांना चर्चेसाठी एकत्र आणलं होतं. त्याच महिन्यात ते अचानक वारले, पण पालकांनी विषय सोडला नाही.

त्यांना साथ मिळाली ती उद्योगपतींची. जोडी जरा विचित्रच. उद्योगपतींना कराचा पैसा वाया जाताना दिसत होता, पालकांना पोरं. पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: सगळे निर्णय मुख्य ऑफिसात बसून घेणं बंद झालं पाहिजे. पालक बसेस भरभरून राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला जाऊन आमदारांना भेटले आणि डिसेंबर १९८८ मध्ये कायदा झाला.

त्यानुसार प्रत्येक शाळेला एक निवडून आलेली शाळा समिती मिळाली. ११ जणांची: ६ पालक, २ वस्तीतले रहिवासी, २ शिक्षक आणि स्वतः मुख्याध्यापक. हायस्कूलमध्ये वर एक विद्यार्थी. बेरीज करून बघा, पालकांचं बहुमत आहे. मुख्याध्यापकाची कायम नोकरी गेली आणि त्याजागी चार वर्षांचा करार आला. तो करायचा की नाही हे समिती ठरवणार. शाळेचा आराखडा आणि बजेटही तीच मंजूर करणार. गरीब मुलांसाठी म्हणून येणारा जो पैसा मुख्य ऑफिस भलतीकडेच वापरायचं, तो आता शाळेच्या हातात येऊ लागला. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या निवडणुकीत मत द्यायला अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही. मेक्सिकोहून आलेली आई शहराचा महापौर निवडू शकत नाही, पण मुलीच्या शाळेचा मुख्याध्यापक निवडणाऱ्या समितीत ती बसू शकते.

ऑक्टोबर १९८९ मध्ये पहिली निवडणूक झाली. सुमारे ५४० शाळा, साधारण साडेपाच हजार जागा आणि उमेदवार १७ हजारांहून जास्त!

आणि मग घोळ सुरू झाले. मुख्याध्यापक कोर्टात गेले. पालकांचे प्रतिनिधी फक्त पालकांनी निवडायचे, रहिवाशांचे फक्त रहिवाशांनी, या पद्धतीत सगळ्यांच्या मताला सारखी किंमत राहत नाही, असं म्हणत राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये कायदाच रद्द ठरवला. १९९१ मध्ये मतदानाची पद्धत बदलून तो पुन्हा उभा केला. पहिला उत्साहही ओसरला, पुढच्या निवडणुकांत उमेदवार खूप कमी झाले. संशोधकांनी प्राथमिक शाळा तपासल्या तेव्हा चित्र साधारण तीन भागांचं होतं: एक तृतीयांश शाळा चांगल्या मार्गी लागल्या, एक तृतीयांश मधल्यामध्ये आणि एक तृतीयांश होत्या तिथेच. म्हणजे नुसता अधिकार देऊन जादू होत नाही. पण सगळीकडे राजकारणाचा धुडगूस होईल ही भीतीही खरी ठरली नाही. पहिल्या फेरीत बहुतेक समित्यांनी असलेल्याच मुख्याध्यापकाला करार दिला.

१९९५ मध्ये राज्याने शहराचं शाळा बोर्ड महापौर रिचर्ड डेली यांच्या हातात दिलं. समित्या राहिल्या, पण निकाल वाईट असलेल्या शाळा 'प्रोबेशन'वर टाकायची सोय झाली आणि तिथल्या समितीच्या अधिकारांना कात्री लागली. १९९६ मध्ये अशा १०९ शाळा होत्या. २०१३ मध्ये शहराने एकदम ५० च्या आसपास शाळा बंद केल्या. मुख्याध्यापक निवडणाऱ्या पालकांना शाळा वाचवायचा अधिकार मात्र नव्हता! २०१५ मध्ये डायेट हायस्कूल वाचवायला १२ जण ३४ दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये ती शाळा पुन्हा उघडली. मग मागणी वरच्या पायरीवर गेली: शहराचं बोर्डच निवडून द्या. २०२१ मध्ये तसा कायदा झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदान झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये २१ जणांचं बोर्ड आलं. त्यात १० निवडून आलेले, ११ महापौरांनी नेमलेले.

आता आपल्याकडे वळू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्यात किमान ७५ टक्के पालक, ५० टक्के महिला. आकड्यांत आपण शिकागोच्या कितीतरी पुढे. पण कामं काय? शाळेवर देखरेख ठेवणं, अनुदान कसं खर्च होतंय ते पाहणं, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं. शिक्षक आणि मुख्याध्यापक नेमणं या कामांत नाही. अनुदानित खासगी शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर समिती फक्त सल्ला देणारी. विनाअनुदानित शाळा, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं जिथे जातात त्या, या कलमात येतच नाहीत.

आमच्या भाषेत सांगायचं तर आपल्या पालकांना रीड-ओन्ली ॲक्सेस मिळाला आहे. तोही कमी नाही. अनुदानाचा हिशोब मागणारी आई गावात असली की बराच फरक पडतो. पण शिकागोत १७ हजार माणसं उमेदवार म्हणून उभी राहिली, कारण तिथे ठरवण्यासारखं काहीतरी होतं. "आपल्याकडचे पालक मीटिंगला येतच नाहीत हो," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती करण्याआधी एकदा विचारावं, आले तर त्यांनी तिथे ठरवायचं काय?