जागल्याचा वकील

इंग्रजीतल्या 'व्हिसलब्लोअर'साठी मराठीत 'जागल्या' हा शब्द रुळला, याचं मला फार बरं वाटतं. शिट्टी काय, कुणीही वाजवतो. जागल्या म्हणजे गाव झोपलेलं असताना जागं राहून राखण करणारा, आणि त्याबद्दल सुगीला धान्यात आपला वाटा घेणारा. त्या वाट्याला कुणी लाच म्हणत नसे. तो त्याचा हक्क होता.

सरकारची लूट उघडकीला आणणाऱ्याला वसुलीत असाच वाटा द्यावा का? जॉन फिलिप्स या अमेरिकन वकिलाची बरीचशी कारकीर्द या एका प्रश्नाभोवती फिरली. पण प्रश्न त्याच्यापेक्षा बराच जुना आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या सैन्याला माल पुरवणाऱ्या ठेकेदारांनी हात धुऊन घेतले. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेले गणवेश पावसात उसवत. आजारी खेचरं धडधाकट म्हणून खपवली जात. दारूगोळ्याच्या पेट्यांतून भुसा निघे. हे सगळं तपासायला सरकारकडे माणसं नव्हती. म्हणून मार्च १८६३ मध्ये लिंकनच्या काळात 'फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट' झाला. कुणाही नागरिकानं सरकारच्या वतीनं दावा लावावा, ठेकेदारानं दुप्पट भरपाई आणि वर दंड भरावा, आणि वसुलीतला अर्धा हिस्सा दावा लावणाऱ्याला मिळावा, अशी ती व्यवस्था. आमिष दाखवून लबाडाकरवी लबाड पकडायची ही जुनीच युक्ती आहे, असं सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी सभागृहात मोकळेपणानं सांगून टाकलं. आपल्याकडे याला काट्यानं काटा काढणं म्हणतात.

पुढे काटेच फार झाले. सरकारनं आधीच भरलेल्या फौजदारी खटल्यांतले आरोप उचलून लोक दिवाणी दावे लावू लागले आणि १९४३ साली सर्वोच्च न्यायालयानं तेही कायदेशीर ठरवलं. संसदेनं त्याच वर्षी कायद्याला कात्री लावली. माहिती सरकारकडे आधीपासून असेल तर दावा चालणार नाही, मग सरकारनं त्या माहितीचं काहीही केलेलं नसलं तरी! याचा कळस १९८४ साली झाला. विस्कॉन्सिन राज्यानं स्वतः मेडिकेडमधली फसवणूक शोधून केंद्राला कळवली होती. 'सरकारला हे ठाऊकच होतं' म्हणून न्यायालयानं त्या राज्याचाच दावा काढून टाकला.

फिलिप्स तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये जनहिताचे खटले लढवत होता. १९७१ साली मोठ्या फर्ममधली नोकरी सोडून त्यानं मित्रांबरोबर त्यासाठी संस्था काढली होती. रेगनच्या काळात संरक्षणखर्च फुगला होता, आणि नौदलानं ४३५ डॉलरला घेतलेली हातोडी वर्तमानपत्रांतून गाजत होती. हा अडगळीतला कायदा पुन्हा धारदार करता येईल, हे फिलिप्सनं हेरलं. रिपब्लिकन सिनेटर ग्रासली आणि डेमोक्रॅट प्रतिनिधी बर्मन यांच्यामागे तो लागला. ऑक्टोबर १९८६ मध्ये दुरुस्ती झाली. भरपाई तिप्पट, दावेदाराचा वाटा १५ ते ३० टक्के, आणि सूडबुद्धीनं नोकरीवरून काढल्यास पुन्हा कामावर घेऊन दुप्पट थकीत पगार. कायदा घडवला आणि मग त्याच कायद्याखाली वकिली केली, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. (२०१३ मध्ये तो इटलीत अमेरिकेचा राजदूत झाला.)

या वकिलीचं स्वरूपही विलक्षण आहे. अशील येतो तो बहुधा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. त्यातली सरकारची फसवणूक किती आणि नुसता गलथानपणा किती, हे वकिलाला निवडावं लागतं. त्याच गोष्टीवर आधी दुसऱ्या कुणी दावा लावला असेल तर सगळंच मुसळ केरात. दावा मोहोरबंद दाखल होतो. कायद्यात मुदत ६० दिवसांची, पण ती वाढत वाढत काही वर्षांवर जाते. तेवढा काळ अनेक अशील त्याच कचेरीत, त्याच साहेबासमोर रोज काम करत असतात. कुणापाशी बोलायची सोय नाही. फी बहुधा निकालानंतर, वसुलीतून. हरलं तर वकिलाचीही वर्षं पाण्यात.

फिलिप्सच्या अशिलांपैकी चेस्टर वॉल्श मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो जनरल इलेक्ट्रिकचा इस्रायलमधला अधिकारी. तिथल्या हवाई दलाचे जनरल रामी दोतान आणि कंपनीतला एक माणूस मिळून अमेरिकी मदतीचे पैसे खोट्या बिलांनी वळवत होते. वॉल्शनं काही वर्षं कागद जमवले आणि १९९० मध्ये दावा लावला. १९९२ मध्ये कंपनीनं दिवाणी आणि फौजदारी मिळून ६९ दशलक्ष डॉलर भरले. पण कंपनीचा सवाल बोचरा होता. हा माणूस वेळीच वरिष्ठांकडे का गेला नाही? लूट वाढू दिली म्हणजे वाटाही वाढतो, म्हणून ना? न्यायाधीशांनी तरीही त्याच्या बाजूला दिवाणी रकमेच्या साडेबावीस टक्के दिले. त्यावर पुढे अपील झालं.

वॉल्शच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. मला वाटतं, कायद्याचं शहाणपण इथंच आहे. तो मन तपासत नाही, कागद तपासतो. माणूस निर्लोभी असावा अशी अट घातली तर जागल्यांची संख्या संतांच्या संख्येइतकीच राहील. २०२४ पर्यंतच्या चार दशकांत या कायद्यानं ७५ अब्ज डॉलरहून अधिक वसुली केली. अर्थात त्याचे विरोधकही दमलेले नाहीत. खाजगी माणसानं सरकारच्या वतीनं असा दावा लावणं घटनाबाह्य आहे, असा निकाल फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशांनी २०२४ मध्ये दिला आणि त्यावरही अपील झालं.

आपल्या रॅनबॅक्सीचं प्रकरणही याच कायद्यातून तडीस गेलं. कंपनीतले माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी औषधांच्या चाचण्यांची खोटी आकडेवारी उघड केली. २००७ मध्ये त्यांच्या वकिलानं मेरीलँडमध्ये दावा लावला. २०१३ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल करून ५०० दशलक्ष डॉलर भरले आणि ठाकूर यांना ४८ दशलक्षांहून अधिक मिळाले. कंपनी भारतीय, जागल्या भारतीय, न्यायालय मात्र अमेरिकेतलं.

इथं काय झालं असतं? सत्येंद्र दुबे या इंजिनिअरनं २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीसाठी केलेला खून ठरला, पण नाव फुटलं होतं ही गोष्ट त्यानं पुसली जात नाही. त्यानंतर मागणी होत राहिली आणि २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी सुरू करणारी अधिसूचना मात्र निघाली नाही. त्या कायद्यात वाट्याची तरतूद तर नाहीच.

आपण दुबे यांना हुतात्मा म्हणतो. त्यांना फिलिप्ससारखा एखादा वकील मिळायला हवा होता. अमेरिकेत रोखेबाजारातल्या फसवणुकीची माहिती २०१० च्या कायद्यानं वकिलामार्फत निनावी देता येते. म्हणजे पाकिटावर नाव असतं ते वकिलाचं.