तळटीप : ‘चल’ आणि त्याच्या मापनश्रेणी

१. ‘चल’ : व्यक्तीगणिक वा स्थळागणिक ज्याचे मूल्य पालटते असा कोणताही गुण, या व्यापक अर्थाने हा शब्द येथे योजिला आहे, आणि त्याच्या मापनाच्या ज्या चार श्रेणी ग्रंथकर्ता गृहीत धरतो, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडल्या. गावचे दफ्तर चाळले असता हा भेद सहज ध्यानी येतो. सर्व्हे नंबर अंकांत लिहिलेला असला, तरी ते केवळ नाव होय, त्याची बेरीज निरर्थक (नामश्रेणी). जमिनीची प्रत उच्चनीच क्रम सांगते, परंतु दोन प्रतींमधील अंतर सांगत नाही (क्रमश्रेणी). सनावळीत अंतर निश्चित असते, तथापि आरंभबिंदू संकेताने मानलेला असल्यामुळे, इ.स. १९४६ आणि शके १८६८ हे बहुतांशी एकच वर्ष असूनही एकास दुसऱ्या सनाच्या ‘इतके पट’ म्हणणे व्यर्थ ठरते (अंतरश्रेणी). आणि क्षेत्राचे शून्य खरोखरीचे असल्यामुळे, ४० गुंठे हे २० गुंठ्यांच्या दुप्पट, असे निःशंकपणे म्हणता येते (गुणोत्तरश्रेणी). पिकाची आणेवारी मात्र फसवी : १६ आण्यांचे पीक ८ आण्यांच्या दुप्पट, असे कागदोपत्री दिसले, तरी तो आकडा नजरअंदाजाने ठरविलेला असेल, तर त्यास क्रमाहून अधिक बळ देण्यापूर्वी, पाहणी कोणी, केव्हा व कोणत्या रीतीने केली, याची वाचकाने चौकशी करावी. — संपादक