विनिपेगचा बड ग्रँट

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवावयाचा वाटोळा चेंडू येतो. कॅनडातला फुटबॉल निराळा. तेथे चेंडू लांबट. तो हातात घेऊन धावावयाचे किंवा पुढच्या सोबत्याकडे फेकावयाचा, आणि धावणाऱ्याला प्रतिपक्षाने अंगाला अंग भिडवून लोळवावयाचे. हुतुतूत तंगडी धरून मागे खेचलेला गडी ज्याने पाहिला आहे, त्याला यातली रग समजावून सांगावयास नको. १९०९ साली गव्हर्नर-जनरल अर्ल ग्रे यांनी दिलेल्या चषकासाठी दरवर्षी या खेळाचा अंतिम सामना होतो.

हॅरी पीटर ऊर्फ बड ग्रँट हा जन्माने अमेरिकन. १९२७ साली विस्कॉन्सिनमधील सुपीरिअर गावी एका अग्निशामक जवानाच्या घरी जन्मला. लहानपणी पोलिओ झाला. पाय सुधारावा म्हणून वडिलांनी मुलाला खेळाकडे वळविले. त्या पायाने पुढे काय केले पाहा! १९५० साली बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या मिनीआपोलिसच्या संघात हा होता. मग तो फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघात गेला. १९५२ चा हंगाम त्याने नव्या करारावर सही न करताच काढला आणि अधिक पैसे देणाऱ्या विनिपेगची वाट धरली. व्यवहार म्हणून यात मला काही वावगे दिसत नाही. हाडे मोडून घेणाऱ्याने मोबदल्याची घासाघीस का करू नये?

फिलाडेल्फियाला त्याचे अखेरचे प्रशिक्षक, आपल्या तालमीच्या भाषेत वस्ताद, होते जिम ट्रिंबल. हे नाव ध्यानात ठेवा.

विनिपेगला ग्रँट चार हंगाम चढाईत आणि बचावातही खेळला. १९५३ च्या एकाच सामन्यात त्याने प्रतिपक्षाने फेकलेले चेंडू पाच वेळा मधल्यामध्ये झेलले. १९५७ साली संघाने या एकोणतीस वर्षांच्या गड्यालाच प्रशिक्षक नेमले. काल ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळला, त्यांना आज संघातून वगळण्याचा अधिकार हाती आला. ग्रँट आरडाओरड करीत नसे. चुका कमी करणारा संघ जिंकतो, एवढे साधे त्याचे शास्त्र. केन प्लोएन, लिओ लुइस यांसारखे गडी त्याला लाभले, हेही खरे.

पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर हॅमिल्टन, आणि त्याचा प्रशिक्षक तोच ट्रिंबल! ३२-७ असा दणदणीत पराभव झाला. पण १९५८ आणि १९५९ साली शिष्याने गुरूला हरविले. १९६१ साली जादा वेळ खेळून २१-१४ असे पुन्हा हरविले.

मग आला १ डिसेंबर १९६२. टोरांटोच्या मैदानावर ओंटारिओ सरोवरावरून धुके उतरले. उंच उडालेला चेंडू झेलणाऱ्याला दिसेना, आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना तर खेळाडूच दिसेनात. नऊ मिनिटे एकोणतीस सेकंद उरली असता सामना थांबविला. विनिपेग २८, हॅमिल्टन २७. एका गुणाची आघाडी उशाशी घेऊन रात्र काढणे कसे असेल, कल्पना करा. ट्रिंबलची रात्र तर आणखी अवघड. त्याच्या डॉन सदरिनच्या जादा गुणासाठी मारलेल्या दोन लाथा हुकल्या होत्या, आणि एक जरी साधली असती तरी बरोबरी होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अनेक प्रेक्षक परत फिरकलेच नाहीत. उरलेला खेळ झाला. गुण कोणालाच मिळाला नाही. चषक विनिपेगचा.

त्या हंगामानंतर ट्रिंबलने हॅमिल्टन सोडले. पुढे या गृहस्थाने जोएल रॉटमनबरोबर एकाच खांबावर तोललेला गोलखांब शोधून काढला, आणि तो खेळात रूढ झाला.

ग्रँट १९६७ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या संघाकडे गेला. तेथील कडाक्याच्या थंडीत तो आपल्या गड्यांना मैदानाकडेला शेगडी ठेवू देत नसे. तेथे चार वेळा त्याचा संघ सर्वोच्च सामन्यापर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. अमेरिकेत त्याची आठवण निघाली की हे चार पराभवही निघतात. विनिपेगने मात्र २०१४ साली आपल्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला. तो पाहावयास ग्रँट हयात होता. २०२३ च्या मार्चमध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन, तो वारला.