वर्दीचे नियम कुणी घडवले?

आम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बचत गटाच्या बाया.

आपल्या गटांत आता कर्ज कशाकशासाठी मागतात ते बघा. शेळ्या, शिलाई मशीन, म्हैस, आणि अलीकडे लेकीच्या पोलीस भरतीच्या अकॅडमीची फी. पोरी पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळतात, गोळा फेकतात, रात्री बुद्धिमत्तेची गणितं सोडवतात. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या. त्यामुळे खाकी वर्दी आता आपल्या घरातही येऊ लागली आहे.

भरतीला शारीरिक चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. लेखीला गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. उंची मोजतात, पळण्याची वेळ मोजतात. पण रात्री अकराला रडत आलेल्या बाईशी हा नवा पोलीस कसा बोलेल, हे या दीडशे गुणांत कुठंच मोजलं जात नाही. ते पुढं प्रशिक्षणात शिकवायचं असतं. आपल्या सोलापुरात केगावला असं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं कवायत आणि बंदूक शिकवतात, तसा कायदाही शिकवतात. बाईला अटक कशी करायची, जबाब कुठं घ्यायचा, नावाची पट्टी का लावायची, असे बरेच नियम असतात.

हे नियम आले कुठून? आज आपण त्याचाच इतिहास बघू.

इंग्रजांच्या आधी गावाची राखण पाटील, जागल्या, रामोशी करायचे. चोरी झाली तर चोराचा माग काढत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा, आणि माग लागला नाही तर नुकसान भरून द्यायची पाळी राखणदारावर यायची. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, म्हणून तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण जबाब द्यायचा तो गावाला, एवढं तरी तिच्यात होतं.

१८५७ चं बंड झालं आणि इंग्रज सरकार घाबरलं. १८६१ साली त्यांनी पोलीस कायदा केला. आपल्या मुंबई इलाख्यासाठी १८९० साली वेगळा जिल्हा पोलीस कायदा आला, पण साचा तोच. याच इंग्रजांनी १८२९ साली स्वतःच्या लंडन शहरात पोलीस नेमले, ते साधारणपणे बंदुकीविना गस्त घालणारे. आपल्याकडे मात्र त्यांनी आयर्लंडचा नमुना आणला. आयर्लंडही त्यांच्याच ताब्यात होतं आणि तिथले पोलीस हत्यारी होते. आपला शिपाई जबाब देणार तो साहेबाला, गावाला नाही.

गंमत अशी, की या पोलिसावर इंग्रजांचा स्वतःचाही विश्वास नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्यात त्यांनी लिहून ठेवलं की पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरायची नाही. मारून कबूल करून घेतात, हे सरकारला ठाऊक होतं. तो नियम नव्या कायद्यातही कायम आहे.

पुढं १९०२-०३ साली फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. पोलिसांना नीट शिक्षण नाही, देखरेख नाही आणि लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात, असं त्या सरकारी आयोगानंच सांगितलं. त्यातूनच प्रशिक्षण शाळांचा आग्रह आला. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलिसांची शाळा निघाली आणि १९०९ साली ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. शाळा निघाली, पण शिपायाचा धनी बदलला नाही. त्याची किंमत आपल्या सोलापूरनं मोजली.

१९३० च्या मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरणगाव सोलापूर पेटून उठलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शंकर शिवदारे हुतात्मा झाले. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला आणि दोन शिपाई मारले गेले. पोलीस शहरातून निघून गेले. पुढचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था सांभाळली. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली.

हुतात्म्यांना आपण दर वर्षी हार घालतो, तो घालायलाच हवा. पण त्या दोन शिपायांचाही विचार आमच्या मनात येतो. तेही कुणा आईचे लेक होते, पोटासाठी वर्दी घातलेले. लोकांशी कसं वागायचं हे शिपायाला न शिकवता नुसता हुकूम पाळायला शिकवला, की दोन्हीकडून आपलीच माणसं मरतात.

स्वातंत्र्य आलं. १९५० साली संविधानानं सांगितलं की अटक केलेल्याला कारण सांगा, वकील भेटू द्या आणि २४ तासांत न्यायाधीशापुढं उभं करा. १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला. आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्यातली दोन कलमं प्रत्येक बाईला ठाऊक हवीत.

पहिलं, कलम १४. निरीक्षक आणि त्याखालच्या प्रत्येक पोलिसाला नेमणुकीच्या वेळी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं. नोकरी सुटली की ते रद्द होतं आणि परत द्यावं लागतं. पोलीस निलंबित असेल तेवढ्या काळात त्याचे अधिकारही थांबतात. म्हणजे पोलिसाची ताकद त्याच्या मनगटात किंवा मिशीत नाही. ती त्या कागदासोबत येते आणि कागदासोबत जाते. दिली आहे कायद्यानं, म्हणजे तुमच्याआमच्या मतानं.

दुसरं, कलम ६६. यात पोलिसाची लोकांप्रती कर्तव्यं दिली आहेत. असहाय माणसाला मदत करायची, कोठडीतल्या आजाऱ्याला उपचार मिळवून द्यायचे, झडती घेताना उगाच उद्धटपणा करायचा नाही. आणि बायका-मुलांशी वागताना सभ्यतेचं कडक भान ठेवायचं, सौम्यपणानं वागायचं. म्हणजे ‘नीट बोला’ असं पोलिसाला म्हणणं हा आगाऊपणा होत नाही. १९५१ पासून ते कायद्यातच आहे.

१९६० साली देशातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेनं पोलिसांसाठी आचारसंहिता ठरवली. पोलिसानं न्यायाधीशाची जागा घेऊ नये, आधी समजावून बघावं, बळ वापरावंच लागलं तर कमीत कमी वापरावं, आणि आपणही लोकांतलेच एक आहोत हे विसरू नये, असं तिच्यात आहे. कागदावर सगळं चांगलं होतं. पण ठाण्याच्या भिंतीआड काय चालतं, ते १२ वर्षांनी कळलं.

१९७२ चा मार्च महिना. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. एका गरीब आदिवासी मुलीच्या भावानं तक्रार दिली, म्हणून जबाबासाठी रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, बाकीचे बाहेर आले, मुलीला मागं ठेवून घेतलं. आणि तिथंच, ठाण्याच्या आवारात, तिच्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोघंही पोलीस.

सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ साली दोषी ठरवलं. भीतीनं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं ते न्यायालय म्हणालं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही, असा अर्थ काढला गेला.

आता तुम्हीच सांगा. रात्रीची वेळ, ठाण्याचं दार बंद, समोर वर्दी आणि कोवळ्या वयाची मजूर पोर. ती विरोध तरी कसा करणार?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं आणि हा निकाल चुकला असं सांगितलं. मग बायका रस्त्यावर आल्या. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांतून मोर्चे निघाले. तीन वर्षांनी, १९८३ साली, कायदा बदलला. कोठडीत असा अत्याचार झाला, संबंध सिद्ध झाला आणि माझी संमती नव्हती असं बाई म्हणाली, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालायचं. अशा पोलिसाला किमान १० वर्षांची शिक्षा. पीडितेचं नाव छापायलाही त्याच दुरुस्तीनं बंदी आली. तिचं नाव देशभर झालं होतं, तरी आज आम्ही ते घेतलं नाही, ते याच नियमाला मान देऊन. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, हे मात्र विसरू नका. नियम तिच्यामुळं आला आणि उपयोगी पडला तो तिच्यानंतरच्यांना.

पुढचे नियमही असेच आले. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल डी. के. बसू यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला आणि ११ सूचना मिळाल्या. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा कागद करून त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करायची. नवा शिपाई छातीवर नावाची पट्टी लावतो, तिच्यामागं अशी कितीतरी घरं आहेत जिथं गेलेला माणूस परत आला नाही.

२००५ साली कायद्यात आलं की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही. अपवाद करायचाच झाला तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर लोक रस्त्यावर आले. २०१३ साली असा कायदा झाला की बलात्कार, विनयभंग, ॲसिडहल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद लिहून न घेणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं कैद. प्रकाश सिंग यांच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्या राज्यानं २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली.

आता आमच्या गटाचा अनुभव सांगतो. नवऱ्यानं मारलेल्या एका बहिणीला घेऊन आम्ही चौघीजणी एका चौकीत गेलो होतो. ‘एनसी करून घेतो, घरचं भांडण आहे, मिटवा,’ असं उत्तर आलं. तेवढ्यात बाजूला बसलेली नवीनच लागलेली एक शिपाई मुलगी उठली. तिनं त्या बहिणीला पाणी दिलं, हाताची सूज बघितली आणि साहेबांना म्हणाली, ‘आधी मेडिकलला पाठवू या का?’ त्या एका वाक्यानं कामाची दिशा बदलली. फिर्याद झाली. ती मुलगी प्रशिक्षणात शिकली होती की घरून शिकून आली होती, आम्ही विचारलं नाही. पण नियम पाळणारा एक माणूस ठाण्यात असला तर काय होतं, ते आम्ही बघितलं. आणि तिला बोलायचं बळ आलं, त्यात समोर आम्ही चौघी बसलो होतो याचाही थोडा वाटा असावा.

म्हणून प्रत्येक गटाला आमचं सांगणं आहे. हे नियम प्रोसिडिंगच्या वहीत लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी वर सांगितलेली संरक्षणं कायम आहेत. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. साक्षीदार म्हणून बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवायचं. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही तर गावाकडं पोलीस अधीक्षकांना आणि शहरात आयुक्तांना लेखी पाठवायचं. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं. ठाण्यात जाताना एकटीनं जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं. समोरच्या पोलिसाचं नाव त्याच्या पट्टीवरून वाचून वहीत लिहायचं. तातडीच्या वेळी फोन ११२.

आणि ज्यांची लेक भरतीची तयारी करते आहे, त्यांनी तिला पळायला पाठवाच. पण देसाईगंजची गोष्टही सांगा. १०० गुणांच्या पेपरात ती येणार नाही. पण ठाण्यात पहिल्या रात्रपाळीला बसल्यावर तिला तिचा उपयोग होईल.

पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीत ही माहिती मोठ्यानं वाचा. तुमच्या भागातल्या महिला पोलिसालाही बैठकीला बोलवा. आमच्याकडं हे करून बघितलं आहे. चहा आपण पाजायचा, प्रश्न आपण विचारायचे.