अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार : संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

अवधान टिकवून ठेवण्यातील अडचण, अतिचंचलता आणि आवेगशीलता ही लक्षणे बालकाच्या वयाच्या मानाने पुष्कळच अधिक असतील, दीर्घकाळ टिकली असतील आणि घर, शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी त्याच्या व्यवहारात बाधा आणीत असतील, तर त्या अवस्थेस अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार म्हणतात. ‘एडीएचडी’ या लघुरूपाने तो पालकांस व शिक्षकांस अधिक परिचित आहे. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या प्रतिमेवरून त्याचे निदान करता येत नाही. निरीक्षण, मुलाखत आणि पालक-शिक्षकांनी दिलेली माहिती यांवरच ते अवलंबून असते. साहजिकच कोणत्या मुलास चंचल म्हणावयाचे, याविषयी देशोदेशी मतभिन्नता राहिली. तिच्यातून समान मोजमाप शोधण्याचा जो प्रयत्न झाला, त्यातून या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्य उदयास आले. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील बालकांच्या संदर्भातही या मोजमापाचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रारंभीचा काळ : स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन (१७६३–१८५६) याने १७९८ मध्ये अवधान एका जागी न ठरण्याच्या अवस्थेचे वर्णन केले. १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत जॉर्ज फ्रेडरिक स्टिल (१८६८–१९४१) याने बुद्धी साधारण असूनही वर्तनावर ताबा नसलेल्या मुलांची माहिती मांडली. बर्लिन येथे फ्रांट्स क्रामर व हान्स पोलनो यांनी १९३२ मध्ये बालवयातील अतिचंचलतेचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. तथापि १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवट आल्यावर दोघांनाही आपले काम सोडावे लागले. पोलनो फ्रान्समध्ये गेला, परंतु १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्याची हत्या झाली. क्रामरने नेदर्लंड्समध्ये आश्रय घेतला. त्यांचे निरीक्षण पुढे दीर्घकाळ इंग्रजी वैद्यकीय वाङ्मयात फारसे उतरले नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली याने बेंझेड्रीन या उत्तेजक औषधाने काही मुलांच्या वर्तनात व अभ्यासात सुधारणा होते, असे दाखविले. या सर्व संशोधकांचे काम बव्हंशी एकमेकांपासून अलग राहिले.

निकषांतील तफावत : दुसऱ्या महायुद्धानंतर ही अलगता अधिक स्पष्ट झाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने (डीएसएम) १९८० मध्ये अवधानातील न्यूनतेस प्रधान स्थान दिले आणि १९८७ मध्ये आजचे संयुक्त नाव स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात (आयसीडी) मात्र ‘अतिचंचलता विकार’ ही अधिक संकुचित संज्ञा होती. अवधानन्यूनता व अतिचंचलता ही दोन्ही आढळल्याखेरीज हे निदान होत नसे. परिणामी अमेरिकेत हा विकार सर्रास आढळतो आणि ब्रिटनमध्ये तो विरळ आहे, असे चित्र निर्माण झाले. ब्रिटनमधील आइल ऑफ वाइट येथे १९६० नंतरच्या दशकात मायकेल रटर व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत अशी मुले अगदी तुरळक आढळली होती.

ही तफावत मुलांमधील आहे की निदान करणाऱ्यांमधील, हे ठरविण्यासाठी दोन देशांनी एकत्र काम करणे आवश्यक होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-ब्रिटन संयुक्त अभ्यासात संशोधकांनी निकष नेमकेपणाने लावले असता त्यांच्यातील मतैक्य वाढते, असे आढळले. १९९२ मध्ये चीन, इंडोनेशिया, जपान व अमेरिका येथील तज्ञांना त्याच चार मुलांचे चित्रण दाखवून गुण देण्यास सांगण्यात आले. चिनी व इंडोनेशियन तज्ञांनी अतिचंचलतेला दिलेले गुण जपानी व अमेरिकन तज्ञांच्या गुणांहून लक्षणीय प्रमाणात अधिक होते. मुले तीच असूनही पाहणाऱ्याच्या समाजाप्रमाणे त्यांचे मूल्यमापन पालटते, हे या प्रयोगाने स्पष्ट केले. एकाच देशात राहून हा निष्कर्ष हाती आला नसता.

संशोधनाची जाळी : अतिचंचलता विकारांच्या अभ्यासासाठी यूरोपातील संशोधकांनी एरिक टेलर व जोसेफ सार्जंट यांच्या पुढाकाराने एक जाळे उभारले, १९९८ मध्ये त्याच्या सदस्यांनी यूरोपीय उपचार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २००७ मध्ये ब्राझील, ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनी १०२ अभ्यासांतील १,७१,७५६ व्यक्तींची माहिती एकत्र करून विकाराचे जागतिक प्रमाण ५·२९ टक्के असल्याचा अंदाज केला. देशादेशांतील आकड्यांमध्ये जो फरक दिसे, त्याचे कारण मुख्यतः संशोधनपद्धतींतील भिन्नतेत असल्याचे त्यांनी दाखविले.

मोठ्या संख्येची गरज जैविक संशोधनात विशेष भासते, कारण एकेका जनुकाचा परिणाम अत्यल्प असतो. डेन्मार्क व इतर देशांतील नमुने एकत्र केल्यावरच २०१९ मध्ये या विकाराशी निगडित १२ जनुकस्थाने खात्रीपूर्वक निश्चित करता आली. २०२३ मध्ये ३८,६९१ विकारग्रस्त व १,८६,८४३ इतर व्यक्तींच्या अभ्यासातून त्यांची संख्या २७ झाली. मेंदूच्या प्रतिमांविषयीच्या २०१७ मधील अभ्यासात २३ केंद्रांतील ३,२४२ व्यक्तींचा समावेश होता; विकारग्रस्तांच्या मेंदूतील काही भागांचे आकारमान सरासरीने किंचित कमी असल्याचे व हा फरक बालवयात अधिक असल्याचे त्यात आढळले. २०२१ मध्ये २७ देशांतील ८० तज्ञांनी पुराव्याने सिद्ध झालेली २०८ विधाने एकत्रितपणे मांडली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीने अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार हेच नाव स्वीकारले आणि दोन वर्गीकरणांतील जुने अंतर पुष्कळसे मिटले.

या सहकार्यात एक उणीव राहिली. २०२३ चा जनुकीय अभ्यास यूरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेला होता. अशा नमुन्यांवरून काढलेली अनुमाने भारतातील मुलांना तशीच्या तशी लावणे शास्त्रास धरून होत नाही.

भारतातील प्रयत्न : रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने १९८० मध्ये ‘इन्क्लेन’ हे रोगप्रसाराच्या अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय जाळे निर्माण झाले. त्याच्या भारतातील गटाने बालकांच्या विकासविकारांच्या निदानासाठी येथील परिस्थितीस अनुरूप प्रश्नावल्या तयार केल्या. त्यांपैकी सहा ते नऊ वर्षे वयाच्या मुलांतील अवधानन्यूनता-अतिचंचलता विकाराची प्रश्नावली २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पलवल, कांग्रा, धेनकनाल, हैदराबाद व उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. मराठी-कोकणी परिसरातील उत्तर गोव्यात त्यांपैकी ४९३ मुले होती. सहा ते नऊ वर्षांच्या गटात, विचारात घेतलेल्या नऊ विकासविकारांपैकी किमान एक असण्याचे प्रमाण ठिकाणपरत्वे ६·५ ते १८·५ टक्के होते. एकाच देशात, एकाच मोजमापाने इतकी तफावत आढळत असल्याने एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्यास लावता येत नाही, हे उघड आहे.

डहाणू व तलासरी : बालकांविषयीची परदेशी विचारसरणी या भागात प्रथम आली ती शिक्षणाच्या मार्गाने. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) हिने बालकाच्या उत्स्फूर्त एकाग्रतेस शिक्षणात केंद्रस्थान दिले होते. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथे ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून बिया, शिंपले, पाने, माती अशा परिसरातील वस्तू वापरल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. वर्गात न टिकणारे वारली मूल गुरांमागे दिवसभर लक्षपूर्वक वावरते, हे त्यांनी जाणले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. कोसबाडचे कार्य वैद्यकीय संशोधन नव्हे. परंतु बाहेरून आलेली पद्धती स्थानिक मुलांवर पारखून, बदलून घेण्याचा तो महत्त्वाचा पूर्वानुभव होय.

निदानाच्या दृष्टीने या तालुक्यांत काही विशेष अडचणी संभवतात. घरी वारली बोलणाऱ्या मुलास शाळेत प्रमाण मराठी ऐकावी लागते. न समजलेल्या सूचनेकडे झालेले दुर्लक्ष अवधानन्यूनतेसारखे दिसू शकते. वीटभट्ट्यांवरील हंगामी कामासाठी कुटुंब स्थलांतरित झाले की शाळेत खंड पडतो, आणि निदानास आवश्यक असलेली शिक्षकांची माहिती अपुरी राहते. रक्तक्षय, श्रवणदोष, दृष्टिदोष व अपुरी झोप यांमुळेही मूल अस्वस्थ किंवा मंद भासते. उलटपक्षी जन्मतः कमी वजन व अकाली प्रसूती हे या विकाराचे ज्ञात धोके असल्याने, आदिवासी भागात तो नसतोच असे गृहीत धरणेही चुकीचे ठरेल. पहिल्या चुकीने निरोगी मुलावर रोगाचा शिक्का बसतो. दुसरीने विकारग्रस्त मूल द्वाड ठरून मार खाते व शाळेतून गळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथेच झाला. त्याच्या तपासणीसूचीत या विकाराचा समावेश असून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी अभिप्रेत आहे. डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. म्हणजे बालकांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा व संशोधनाचा पाया ही दोन्ही या भागात उपलब्ध आहेत. प्रश्नावली वारली बोलीत पारखून घेणे आणि पालक, अंगणवाडी सेविका व शिक्षक अशा तिघांकडून माहिती मिळविणे, ही पुढील पायरी होय.

आंतरराष्ट्रीय सहकार्याने या विकाराच्या अभ्यासास समान भाषा, मोठे नमुने व परस्पर पडताळणी मिळवून दिली. हे मोजमाप ज्या समाजांवर पारखले गेलेले नाही, तेथे त्याची विश्वसनीयता मर्यादित राहते. डहाणू-तलासरीसारख्या भागांतील निरीक्षणे या जाळ्यांत समाविष्ट होतील, तेव्हा येथील बालकांस योग्य निदानाचा लाभ होईल आणि जागतिक निष्कर्षांचा पायाही अधिक व्यापक होईल.